कंपनी सोडत नाही

अहो,

तुमच्यावर दोन पानं लिहून द्या म्हणून दिवाळी अंकाचे संपादक घरी आले होते. मी म्हटलं, पाच. ते म्हणाले, वहिनी, एवढी जागा आम्ही कुणालाच देत नाही. शेवटी चारवर तुटलं. मला सोपं जावं म्हणून जाताना त्यांनी एका कागदावर मुद्दे लिहून दिले. जयगडच्या खाडीकाठच्या गरीब घरातला मुलगा, बोटीवरचा चीफ इंजिनियर, चौतीस वर्षं दर्यावर, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. त्यातला शेवटचा शब्द सोडला तर बाकीचं खरं आहे आणि सगळ्यांना ठाऊकही आहे, म्हणून ते मी लिहीत नाही. तुम्ही कसे गेलात तेही लिहीत नाही. ती सकाळ अजून माझ्याच्यानं नीट आठववत नाही. पुढच्या बोटीवर जायला अकरा दिवस होते आणि बॅग भरून तयार होती, एवढंच.

मला लिहायचंय ते नवव्या दिवसाबद्दल.

नवव्या दिवशी इस्माईलभाई भेटायला आले. गुडघा दुखत असताना जयगडहून मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. तुमच्याबरोबर चार बोटी केलेला माणूस. पडवीत बसले, तुमच्या फोटोकडे बघितलं आणि लहान पोरासारखे रडले. मी कोरा चहा आणून ठेवला. रडून झाल्यावर माणसं बोलायला लागतात तसे ते बोलायला लागले.

"वैनी, असा माणूस मी दुसरा नाय बघितला. हापिसानं तीनदा बोलावला त्याला. तीनदा! जमिनीवरची नोकरी, पगारात फारसा फरक नाय. दुसरा असता तर उडी मारून गेला असता. हा म्हणायचा, मला खुर्चीत बसवू नका, मी मरेन. खुर्चीला लाथ मारली यानं, वैनी."

त्यांना वाटत होतं, ते तुमची स्तुती करतायत. करतच होते बिचारे.

माझा चेहरा हलला नाही. आंब्याच्या बाजारात रुमालाखाली हात घालून भाव करायला शिकले त्या दिवसापासून माझा चेहरा माझ्या ताब्यात आहे. बोटं बोलतात, तोंड गप्प राहतं. मी विचारलं, "पहिल्यांदा कधी हो, इस्माईलभाई?"

"झाली की सतरा-अठरा वर्षं."

"तुमची फातिमा केवढी होती तेव्हा?"

"आठवीत. तुमच्या केतकीएवढीच."

"आणि दुसऱ्यांदा?"

"त्याची आई अंथरुणाला होती ना, तेव्हा. मीच त्याला म्हटलं, अरे, आईसाठी तरी जा. मुंबईत हापिस, शनिवारी गाडीत बसलास की घरी."

"आणि तिसऱ्यांदा?"

"ते तर इथंच, वैनी. जयगडला, बंदरावर. तीन वर्सं झाली. तुमच्या घरापासून तासाभराचा रस्ता." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा कप बशीवर वाजला. "तुम्हाला म्हाईत होतं ना?"

"होतं की," मी म्हटलं. "घ्या, चहा निवतोय."

बघा, नवव्या दिवशीसुद्धा मी तुमची बाजू सांभाळली.

अठरा वर्षं तुम्ही मला एकच वाक्य ऐकवलंत. "कंपनी सोडत नाही गं, शालू. माणसं नाहीत." तुम्ही ते इतक्या कळवळून म्हणायचात की मला तुमची दया यायची. मी कंपनीला शिव्या घालायचे. कंपनीचा मालक कोण, कुठल्या देशाचा, मला काही माहीत नव्हतं, पण त्याच्या सात पिढ्यांना मी स्वयंपाकघरात उभी राहून काय काय म्हटलंय ते भांड्यांना ठाऊक आहे. आणि तुम्ही पाटावर बसून भात कालवत ऐकायचात. एकदासुद्धा म्हणाला नाहीत की, पुरे गं, त्याचा काय दोष.

तुमच्या आईनंही कंपनीलाच शिव्या घातल्या. तीन वर्षं त्या खाटेवर होत्या. त्यांचं सगळं मी केलं. त्याचं मला काही नाही, मी सून होते आणि त्यांचा माझ्यावर जीव होता. पण आंब्याच्या हंगामात पहाटे त्यांना पुसून, भरवून मी बागेत जायची, दुपारी पेट्या गाडीत चढवून धावत घरी यायची, तेव्हा त्या दाराकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. "बाबू कवा यायचा हाय?" मी सांगायची, "कंपनी सोडत नाही, आई." त्या म्हणायच्या, "मेली ती कंपनी. तिला काय आयबाप न्हाय?" शेवटच्या आठवड्यात त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, पण कंपनीवरचा राग शाबूत होता. ज्या कंपनीनं त्यांच्या मुलाला जमिनीवर बोलावलं होतं, तिला शिव्या देत त्या गेल्या. तुम्ही आलात तेराव्याला. खळ्यात एकटेच जाऊन बसलात, आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, त्यांना रजाच मिळेना हो.

आता तुम्ही विचाराल, तू एवढी हुशार, तुला कसं कळलं नाही? मीही महिनाभर तेच विचारते आहे. पेटीतला वरचा थर बघून मी कधी माल घेतला नाही. हात खाली घालून तळाचा आंबा वर काढते. बागवाला कितीही ओळखीचा असो, झाडाखाली उभी राहून मोहोर स्वतः बघते. आणि अठरा वर्षं मी तुमच्याकडे एक कागद मागितला नाही. का, ते सांगते. तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांना नाही.

हातखंब्याला हमरस्त्याच्या कडेला टेबल टाकून मी आंबापोळी आणि कोकम विकायला बसले तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती. तुमच्या काकांनी तुम्हाला बोटीवर पत्र पाठवलं होतं, की बोटीवरच्या साहेबाची बायको रस्त्यावर बसते, नाक कापलं. तुम्ही उलट टपाली लिहिलंत, "ती बसते तिथे मी आल्यावर गिऱ्हाईक म्हणून उभा राहीन." ते पत्र काकांनीच रागानं माझ्यापुढे टाकलं होतं. ते मी जपून ठेवलंय. पुढे मी बागा करारानं घ्यायला लागले आणि पेट्या घेऊन स्वतः बाजारात गेले. तिथला म्हातारा दलाल बाईच्या हाताला हात लावायला तयार नव्हता. मी म्हटलं, "मग सगळ्यांसमोर ओरडून भाव सांगा, ऐकू दे बाजाराला." त्यानं निमूट रुमाल टाकला. बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. एकदा हात सुटला की सौदा पक्का. मग त्यावर लिखापढी नाही, उलटतपासणी नाही. रुमालाखालचा शब्द फिरवणाऱ्याला बाजारात कुणी उभं करत नाही, आणि त्याचा पुरावा मागणाऱ्यालाही नाही.

ही गंमत मी तुम्हाला शिकवली. तुम्ही रजेवर आलात की जेवणानंतर आपण बसायचो, मध्ये टॉवेल, आणि त्याखाली पुढच्या बोटीचे महिने ठरवायचो. तुम्ही आठ बोटं दाबायचात, मी चार. छोटी केतकी टॉवेलात डोकं घालून बघायची आणि ओरडायची, "बाबा, दोन! दोन!" नेहमी सहावर तुटायचं. आणि पुढच्या वर्षांत जाता जाता मी म्हणायची, कायमचं कधी? तेव्हा टॉवेलाखालीच तुम्ही माझा हात घट्ट दाबायचात आणि म्हणायचात, कंपनी सोडत नाही. तो दाबलेला हात मी पक्का शब्द समजले. परक्या माणसाशी वागते तशी मी तुमच्याशी वागले असते तर दुसऱ्या दिवशी मुंबईच्या हापिसात जाऊन उभी राहिले असते. नवऱ्याशी रुमालाचा कायदा पाळला, तिथे माझं चुकलं.

एकदा मात्र मी हापिसात फोन केला होता. आठवतंय? केतकीची दहावी होती, ती रडत नव्हती पण खात नव्हती. मी तुमच्या डायरीतला नंबर शोधला आणि तिथल्या माणसाला फाडून खाल्लं. "माझा नवरा मला परत द्या. माझ्या पोरीला बाप आहे की नाही?" तो बिचारा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही साहेबांशीच बोला." मला वाटलं, टोलवतोय. पुढच्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी तुम्हाला अभिमानानं सांगितलं, की कशी एकेकाची हजेरी घेतली. तुम्ही हसलात. "शालू, तू खरंच त्यांना घाबरवलंस गं." त्या माणसानं मला सरळ खरं उत्तर दिलं होतं आणि मी ते ऐकूनच घेतलं नाही. तुम्ही हसलात तो क्षण मला आता पुन्हा पुन्हा ऐकू येतो. तेव्हा तरी सांगायचं होतं.

मी फार भांडखोर आहे म्हणून सांगितलं नाहीत, असं केतकीला वाटतं. ती तसं बोलली. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे का, हे मी रोज तपासते. तर ऐका. तुमच्या बाजूचंही मीच लिहिते, कारण लिहायला तुम्ही नाही.

तुमचा पाय मोडला आणि तुम्ही आठ महिने घरी होतात, ते वर्ष. पहिले दोन महिने मी खुशीत होते. मग तुम्ही कुबडी घेऊन, त्या टेबलाच्या जागी झालेल्या माझ्या दुकानावर यायला लागलात. मी म्हटलं, बरं, वेळ जाईल. एक दिवस बागेतून येते तर दुकानाच्या भिंतीवर तक्ता चिकटवलेला. दुकानात कामाला असलेल्या सुनंदा आणि तिच्या जावेला तुम्ही बोटीवरच्या पाळ्या लावून दिल्या होत्या. चार तास काम, आठ तास विश्रांती, परत चार तास काम. खाली तुमची सही. सुनंदा मला म्हणाली, "बाय, म्हंजे पहाटं चारला येऊन मी कोणाला कोकम विकू?" दोघी हसून लोळत होत्या, आणि दुपारी तुम्ही सुनंदाला सात मिनिटं उशीर झाला म्हणून बोललात, तेव्हा दोघी हातातलं काम टाकून घरी गेल्या. भर हंगाम, दारात मुंबईच्या दोन गाड्या उभ्या. माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकांसमोर मी ओरडले, "ही तुमची बोट नाही. इथे तुम्ही पाहुणे आहात, पाहुण्यासारखे राहा."

तुम्ही तक्ता काढलात, घडी घालून खिशात ठेवलात आणि गाडीवाल्यांना विचारलंत, काय देऊ? त्यानंतर दुकानात तुम्ही कधी काही हलवलं नाहीत.

पहिल्यांदा हापिसानं बोलावलं ते त्यानंतर वर्षभरात. मी हिशेब जुळवलाय. त्या वाक्याची मला लाज वाटते. पण एका वाक्यावर अठरा वर्षं? मी तुम्हाला त्याहून वाईट बोलले आहे आणि तुम्ही मला. रागात बोललेलं आपण कधी धरून ठेवलं नाही. तुम्हाला तेवढं एकच वाक्य हवं होतं म्हणून उचललंत, असा मला संशय आहे.

कारण तुम्हाला तिथेच आवडत होतं. एकदा तुम्ही सांगितलं होतंत, पायरीवर बसून फणस सोलताना, हाताला तेल लावून. "इंजिनरूममध्ये एवढा आवाज असतो ना शालू, की कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. बरं वाटतं." मी म्हटलं, "म्हणजे माझी कटकट ऐकू येत नाही, असं म्हणा." तुम्ही हसलात, मी हसले, आणि गरे ताटलीत टाकत राहिलात. तुम्ही त्या दिवशी दार जरासं उघडलं होतंत. मी ते विनोदानं लोटलं. इथवर माझी चूक, घेते मी.

आणि आणखी एक, जे मी कुणाला कधी सांगितलं नाही. तुम्ही बोटीवर गेलात की पहिले दोन दिवस मला घर खायला उठायचं. तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं. हवं तेव्हा जेवावं, नको तर नुसत्या पेजेवर दिवस काढावा, बागेतून उशिरा यावं, कुणी विचारणार नाही. तुम्ही तिथे मोकळे होतात तशी मी इथे मोकळी होते. तुम्ही कायमचे आला असतात तर माझा धंदा एवढा वाढला असता का, मला खात्री नाही. म्हणून मला तुम्ही दूर राहिलात याचा राग नाही. लोकांना वाटतंय तो राग माझा नाहीच.

राग याचा आहे की तुम्ही मला सौद्याला बसवलंच नाहीत. "मला समुद्रावर राहायचंय, जमिनीवर माझा जीव घुसमटतो," एवढं म्हणाला असतात. मी आदळआपट केली असती, आठ दिवस बोलले नसते, तुमच्या आईंना मध्ये घातलं असतं. आणि नवव्या दिवशी टॉवेल टाकून बसले असते. चार महिने बोट, आठ महिने घर. केतकीच्या परीक्षेला हजर. आई आजारी पडल्या तर वर्षभर मुंबई, नंतर परत बोट. काहीतरी निघालं असतं. आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? मला नकार पचतो, अहो. रोज दहा माणसं तोंडावर नाही म्हणतात. पण समोरचा माणूस भाव करायला बसलाच नव्हता, नुसता हात दाबत होता, हे मला पचत नाही.

तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाहीत, माझ्या धंद्यात कधी नाक खुपसलं नाहीत (तो तक्ता सोडून), जपानच्या बंदरातून माझ्यासाठी वजनकाटा उचलून आणलात, लोक बायकोला साड्या आणतात तेव्हा. तो काटा मी अजून वापरते आणि अजून तो चोख आहे. एवढा चांगला माणूस असूनही तुम्ही हे केलंत. वाईट असतात तर सोपं होतं. रडून मोकळी झाले असते.

इस्माईलभाई येऊन गेल्यावर पाच दिवस मी गप्प होते. मी आणि पाच दिवस गप्प! सुनंदा म्हणाली, "बाय, डाक्टरकडं चल." मी ठरवलं होतं की हे माझ्याबरोबरच संपवायचं. केतकीला कळू द्यायचं नाही. तिच्या मनातला बाप, कंपनीनं अडकवून ठेवलेला, पोरीसाठी झिजणारा, तसाच राहू दे. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी.

पण चौदाव्या दिवशी आम्ही दोघी दुकानामागच्या खोलीत कोकमाच्या पिशव्या भरत होतो. तिची आणि जावई निखिलची मुलगी सई, चार वर्षांची, बाहेर सुनंदापाशी खेळत होती. केतकी म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलं. मला परदेशी पाठवतायत. अठरा महिने. मोठी जागा आहे, पगार जवळजवळ दुप्पट. निखिल सईला घेऊन पुण्यातच राहील. महिनाअखेर कळवायचंय."

मी पिशवी बांधत राहिले.

"मला अपराधी वाटत होतं," ती म्हणाली. "पण मग बाबा आठवले. त्यांनी आपल्यासाठी एवढी वर्षं काढली ना, मनाविरुद्ध? मग मी सईसाठी अठरा महिने काढू शकत नाही? तिला सांगेन, कंपनी ऐकतच नाही, आईला जावंच लागतं. मी नाही का समजून घेतलं? तीही घेईल."

तेव्हा माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. तुमचं नाव राखायचं, की सईला पुढची कितीतरी वर्षं तेच वाक्य ऐकू द्यायचं. मला फार विचार करावा लागला नाही. माफ करा असं म्हणत नाही.

मी तिला सगळं सांगितलं. इस्माईलभाईंचं, आठवीचं, आजीचं, जयगडचं. तिचा पहिला शब्द होता, "खोटं." दुसरा, "इस्माईलकाकांना काय माहीत?" मग ती उठून उभी राहिली. "तू त्यांच्याशी कधी नीट बोलायचीस? घरी आले की तुझी तोंडाची तोफ! त्यापायी मीसुद्धा पुण्यालाच राहिले ना?"

लागलं मला ते. अजून लागतंय. पण मी तिला थांबवलं नाही, कारण ती आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी मनापासून चिडली होती. मी म्हटलं, "माझं काय ते माझ्या पदरात घाल. मी जायला नको म्हणत नाही. मला फक्त सांग, तुला जायचंय का?"

"सईसाठीच..."

"सईला बाजूला ठेव. तुला?"

पिशवीला गाठ मारायला घेतलेली सुतळी ती बोटाला गुंडाळत बसली. बाहेर सुनंदा सईला काहीतरी सांगून हसवत होती.

"हो," केतकी म्हणाली. "मला जायचंय. दहा वर्षं या जागेसाठी राबलेय. पगार निम्मा असता तरी गेले असते."

"मग तेच सांग तिला."

"आई, चार वर्षांची आहे ती."

"म्हणून तर. चाळिसाव्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकण्यापेक्षा बरं."

केतकीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. सकाळी पडवीत, सईला समोर बसवून, गुरगुट्या भाताची वाटी हातात. मी आतून ऐकत होते. "सई, आई खूप दिवस लांब जाणार आहे. कुणी पाठवत नाहीये. आईला ते काम करायचंय, म्हणून आई जाणार आहे. आईचं तुझ्यावर प्रेम आहे आणि तरी जाणार आहे."

सईनं विचारलं, "नको जाऊ म्हटलं तर?"

"तरी जाणार. पण मध्ये तीनदा येणार, आणि कधी यायचं ते तू आणि मी बसून ठरवायचं."

सईनं वाटी हिसकून भिंतीवर आपटली. भात सगळीकडे. "तू वाईट आई आहेस! मला नकोस तू!" पोरगी हातपाय आपटून रडली, सुनंदाच्या कडेवर जाऊन बसली आणि दुपारपर्यंत केतकीशी बोलली नाही. दुपारी आपणहून येऊन मांडीवर बसली, तोंड तसंच फुगवलेलं, आणि म्हणाली, "वाढदिवसाला यायचंच." केतकी म्हणाली, "यायचंच."

मी भिंत पुसत होते. केतकी माझ्याजवळ येऊन बसली आणि तुम्ही गेल्यापासून रडली नव्हती तशी रडली. "आई, मी बाबांना असं कधी म्हटलंच नाही गं. एकदासुद्धा नाही. गाडीत बसवायला जायचे आणि हसून हात हलवायचे. सगळे म्हणायचे, काय शहाणी पोर आहे."

मीही म्हणायची. तुम्हीही. तिला कुणावर रागवावं हेच कुणी कळू दिलं नाही. कंपनीवर कशी रागवणार? ती कुठे राहते, दिसते कशी, ते तरी तिला कुठे माहीत होतं?

"आता म्हण," मी म्हटलं आणि तुमच्या फोटोकडे बोट केलं.

तिनं डोळे पुसले, फोटोकडे वळली, तोंड उघडलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी मान हलवून आत निघून गेली. जमलं नाही तिला. हा लेख मी तिला वाचून दाखवलाय, एक शब्दही गाळायला तिनं सांगितलं नाही, पण अजून जमलेलं नाही. जायला दोन महिने आहेत तिला, तोवर इथे येऊन-जाऊन असेल. मी शिकवीन तिला भांडायला. ते एक मला चांगलं येतं. तुम्ही तिकडे तयारीत राहा.

तुमची,
शालिनी